चाक आणि चष्मा

आमच्या मामांच्या डोळ्यांचे मोतीबिंदू गेल्या उन्हाळ्यात काढले, तेव्हा त्यांना ऐंशी पुरी होऊन सहा वर्षे लोटली होती. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : "ही भिंत पांढरी आहे होय? मला वाटत होतं पिवळी." त्यानंतर त्यांना तो सुप्रसिद्ध काळा चष्मा देण्यात आला. पेटीसारखा, बाजूंनी बंद, आणि कुणाही सज्जन माणसाला चित्रपटातल्या खलनायकाची कळा आणणारा. मामांनी तो सांगितलेले दिवस इमानाने घातला आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर बसले. चुकून बसले असे ते म्हणतात. मामीचे मत निराळे आहे.

पण ऊन काही सोसेना. पनवेलच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसले की समोरच्या नव्या इमारतीच्या काचा डोळ्यांत सुया टोचल्यासारख्या चमकत. डॉक्टरांनी सांगितले होते की काळी काच नुसती काळी असून भागत नाही, अतिनील किरण अडवणारी हवी. नाहीतर काचेमागच्या अंधारात बाहुली रुंदावते आणि नको ते किरण उलट जास्तच आत शिरतात. तशी काच चष्मेवाल्याकडे मिळाली. राहता राहिली चौकट. प्लॅस्टिकने कानामागे पुरळ येते, धातूने नाकावर हिरवा डाग पडतो, अशा तक्रारी करीत मामा एके दिवशी म्हणाले, "लाकडाचा नाही का होत?"

मामा जातीचे सुतार, आणि त्यांचे वडील पनवेलचे चाककरी. तेव्हा हा प्रश्न त्यांना सुचला यात नवल नव्हते. नवल हे की त्या एका प्रश्नापायी मी, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून नेरूळला स्वस्थ बसलेला मनुष्य, सहा महिने लाकडांच्या मागे वणवण फिरलो.

प्रथम मला वाटले, ही म्हाताऱ्याची लहर. पण पुस्तके उघडली तो दिसले की चष्म्याचा जन्मच मुळी लाकूड, हाड आणि शिंग यांच्या कुशीतला. फ्लॉरेन्स शहरात 1306 साली एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले की, डोळ्यांना नीट दिसावे म्हणून चष्मे करण्याची विद्या निघून अजून वीस वर्षेही झाली नाहीत. म्हणजे तेराव्या शतकाचा शेवट. इकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वरीचे लेखन होत होते, तेव्हा तिकडे इटलीत कोणी अनामिक कारागीर दोन भिंगे दोन कड्यांत बसवून ती कडी एका खिळ्याने जोडीत होता. कानांवरच्या दांड्या त्याला नव्हत्या. त्या यायला 1730 चा सुमार उजाडावा लागला. तोवर माणसे चष्मा नाकावर चिमटून तरी बसत किंवा हातात धरून.

अशा चष्म्यांचे सर्वांत जुने नमुने 1953 साली सापडले, आणि तेही कसे, तर जर्मनीत वीनहाउझेन नावाच्या गावी जोगिणींच्या एका मठात, प्रार्थनेच्या जागेच्या फरसाखाली. फळ्यांच्या फटींतून शतकानुशतके जे जे खाली पडले ते तिथे साठून राहिले होते. त्यांत चौदाव्या शतकातले लाकडी चष्मे निघाले. काही बॉक्सवुडचे, म्हणजे अतिशय घट्ट, बारीक पोताच्या लाकडाचे, आणि काही लिंडेनच्या मऊ लाकडाचे. ज्या कुणा जोगिणीचा चष्मा फटीत पडला असेल तिची त्या दिवशीची धांदल माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मला कौतुक वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. 'कठीण लाकूड घ्यावे की मऊ?' हा मामांचा आणि माझा वाद सहाशे वर्षांपूर्वीच चालू झाला होता.

उन्हाच्या चष्म्याची गोष्ट तर याहून वेगळी. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक बर्फावरची तिरीप अडवण्यासाठी वाहून आलेल्या लाकडाची, हाडाची किंवा वॉलरसच्या सुळ्याची पट्टी कोरून डोळ्यांवर बांधीत. तिला काच नाही, नुसती एक बारीक आडवी चीर. चष्मा म्हणजे काच ही आपली समजूत, पण येथे लाकूड हाच चष्मा! काळ्या काचेचा चष्मा बाजारात ढिगांनी विकला जाऊ लागला तो पुष्कळ नंतर, 1929 साली अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर. तो सेल्युलॉइडचा होता. आणि मौज अशी की सेल्युलॉइड काय किंवा आज चष्मेवाला ज्याला 'ॲसिटेट' म्हणतो ते काय, दोन्ही मुळात कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासूनच होतात. हे मी मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लाकूडच, पण ओळख पुसलेलं."

आपल्याकडे चष्मा केव्हा आला, याचा शोध घेणारा पहिला मोठा पंडित मराठीच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे. जिलबी, तंबाखू, मेंदी असल्या नित्याच्या वस्तूंचे इतिहास खोदून काढणारा हा देवरुखचा मनुष्य 1919 पासून 1961 पर्यंत त्या पोथ्यांच्या राशीत बसला होता. त्याने चष्म्यावरही एक प्रदीर्घ निबंध लिहिला. विजयनगरचे व्यासराय यांच्या संस्कृत चरित्रात, ते पोथी वाचताना चष्मा लावीत असा उल्लेख आहे, तो त्याने 1520 च्या सुमाराचा ठरवला. पोर्तुगीज गोव्यात येऊन तेव्हा पुरती दहा वर्षे झाली होती. आपल्या भाषेने मात्र या परक्या पाहुण्याला लगेच घरचे नाव दिले. चाळिशीत लागते ती 'चाळशी'.

असो. इतिहास पुरे झाला, आता लाकूड.

नव्या मुंबईत लाकूड शोधायला निघालेल्या माणसाला प्रथम कळते ते हे की येथे सर्व काही प्लायवूड आहे. तुर्भ्याच्या बाजूला वखारी आहेत, तिथे मी दोन आठवडे फेऱ्या घातल्या. वखारवाल्यांना माझा हेतू समजावून सांगणे हे एक दिव्यच होते. "किती फूट पाहिजे?" "अर्धा." यावर एकाने मला खुर्ची दिली आणि पाणी विचारले. प्रकृती बरी नसावी असे त्याला वाटले.

माझा ओढा शिसवीकडे. आमच्या आजोळी शिसवी पलंग होता, त्याच्या खुरांवरून हात फिरवावा तो मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत कोरीव शिसवी फर्निचरचा धंदा मोठा भरात होता आणि विलायतेतल्या दिवाणखान्यांपर्यंत ते जाई. घन मीटरला आठशे किलोंच्या वर वजन, काळसर जांभळी झाक, आणि घासले की आरसा. सागाचे वजन त्यापेक्षा बरेच कमी, साडेसहाशेच्या आसपास. पण आज शिसव म्हणजे जपून बोलण्याची गोष्ट. 2017 च्या जानेवारीपासून शिसवाचे सारे कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आले. जगभर या जातीच्या झाडांची इतकी तोड झाली की राष्ट्रांना एकत्र बसून नियम करावा लागला. त्यात उत्तरेकडचा शिसू आणि आपला सह्याद्रीतला शिसव, दोघेही सापडले. पुढे 2019 साली वाद्यांना आणि 2022 साली शिसूच्या लहानसहान वस्तूंना काही सूट मिळाली. घरातल्या जुन्या पलंगाच्या तुकड्याला या कशाचीच बाधा नाही, हे मी तीनदा वाचून खात्री करून घेतली.

तो तुकडा घेऊन मी कोपरखैरण्याच्या एका तरुण कारागिराकडे गेलो. त्याने यंत्रावर दीड तासात चौकट कापून दिली. अप्रतिम! मी ती मामांना दाखवायला निघालो आणि लोकलमध्ये खिशातून काढून पुन्हा एकदा पाहावी म्हणून काढली, तो ती दोन बोटांत कट्‌ आवाज करून मोडली. बिजागरीशेजारी, जिथे कडे उभे उतरते तिथे. कारागीर म्हणाला, रेषा आडव्या होत्या म्हणून मोडली, आता उभ्या घेऊ. उभ्या घेतल्या. या वेळी ती नाकावर मोडली.

मामांना दोन्ही मोडके तुकडे नेऊन दिले. त्यांनी ते नव्या डोळ्यांजवळ धरून पाहिले, आणि इतके हसले की मामी आतून धावत आली.

"अरे मास्तर, वर्तुळ कधी एका फळीतून कापतात काय?"

येथे मला थोडे मागे जाऊन पनवेलची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून मामांचे हसणे कळायचे नाही. आज पनवेल म्हणजे गाड्या बदलण्याचे ठिकाण. पण एके काळी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. बोरघाटातून चाकाची वाहने जातील असा रस्ता 1830 साली, माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. तोवर घाटावरचा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून उतरत असे. रस्ता झाला आणि बैलांच्या पाठीवरचे ओझे गाडीत आले. पुणे, नगर, सोलापूरकडच्या गाड्या खाली उतरू लागल्या. घाट उतरताना चाकांचे काय हाल होत असतील ते गाडीवानांनाच ठाऊक. पनवेलच्या सुतारांनी ही नस ओळखली. 1908 साली निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून भात नव्हे, मीठ नव्हे, तर गाडीची चाके बनवणे हा सांगितला आहे, आणि दख्खन व पनवेल यांच्या दरम्यान चालणाऱ्या गाड्यांना येथलीच चाके असतात असे म्हटले आहे. ध्यानात घ्या, बोरघाटातून आगगाडी 1863 साली सुरू झाली होती. तरीही पुढे पंचेचाळीस वर्षे चाकाचा धंदा टिकून होता. आगगाडी स्टेशनापर्यंत माल नेई, पण शेतापासून स्टेशनापर्यंत कोण नेणार? धंदा बसला तो पुढे, मोटार लॉऱ्या आल्या तेव्हा, आणि उरलासुरला रबरी टायरच्या डनलॉप गाडीने बसवला.

मामांचे वडील या धंद्याच्या अखेरच्या पिढीतले. त्यांचा नियम मामांना तोंडपाठ आहे. तुंबा बाभळीचा, कारण बाभळीच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे बारा भोके पाडली तरी तो फुटत नाही. आरे सागाचे, कारण साग सरळ. सगळा भार उभ्या रेषेने पेलायचा तर रेषा सरळच हवी. आणि पुठ्ठे, म्हणजे चाकाचा बाहेरचा घेर, पुन्हा बाभळीचे, पण एकाचे सहा. "का सहा?" मामांनी मला वर्गात उभे करावे तसे विचारले. मला उत्तर आले नाही. एकाच फळीतून गोल कापला तर कुठे तरी रेषा आडवी येते, आणि जिथे ती आडवी येते तिथे चाक मोडते. सहा तुकडे केले म्हणजे प्रत्येक तुकड्यात रेषा घेराबरोबर चालते. त्यावर तापवून लाल केलेली लोखंडी धाव चढवायची, पाणी ओतायचे, ती आकसते आणि सहांना एक करते. खिळ्याची गरज नाही.

माझ्या दोन चौकटी का मोडल्या, ते मला पस्तीस वर्षे शिकवूनही कुणी सांगितले नव्हते. ते एका वाक्यात कळले.

मग निवड नव्या पायावर सुरू झाली. शिसव बाद, कारण मामांच्या मते नाकावर ओझे नको, आणि पलंगाचा दुसरा पाय कापायला मामी तयार नव्हती. पांगारा आणून पाहिला. सावंतवाडीचे चितारी ज्या हलक्या लाकडाची रंगीत फळे करतात तोच. नाकाला कळतही नाही इतका हलका, पण बिजागरीचा स्क्रू त्यात लोण्यात बसावा तसा बसला आणि तसाच निघाला. बांबूचा फार बोलबाला ऐकला होता. 2017 साली तर कायद्यानेही त्याला झाडांच्या यादीतून काढून गवतात बसवले. मामांनी एक काडी कानावर वाकवून पाहिली आणि म्हणाले, दांडी होईल, चौकट होणार नाही. शिवाय भुंगा लागतो. आंबा मऊ आणि किड्याचा लाडका. चंदनाचे नाव कुणी काढले नाही. ते न परवडणाऱ्या गोष्टींपैकी आहे.

राहिला साग. सागात तेल असते, घामाला तो दाद देत नाही आणि आत बसवलेले लोखंड कुजवीत नाही. याच गुणावर मुंबईची गोदी उभी राहिली. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस आला आणि त्याच्या वंशजांनी सागाची लढाऊ जहाजे इंग्रजांच्या आरमाराला बांधून दिली. 1813 साली पाण्यात सोडलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर 1842 साली नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. 1817 सालचे 'त्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत आहे. दोनशे वर्षे खारे पाणी पचवणारे लाकूड मामांच्या घामाला काय भिणार?

प्रश्न एवढाच, की साग कुठला? बाजारातला नवा साग मामांना पसंत पडेना. "कोवळा आहे, पावसाळ्यात फुगेल." मग त्यांची नजर हळूहळू ओट्याच्या भिंतीकडे वळली. तिथे त्यांच्या वडिलांनी केलेले शेवटचे चाक टांगले होते.

मी हादरलो. धाव त्याची कधीच भंगारात गेली होती, पण बारा आरे आणि सहा पुठ्ठे शाबूत. गॅझेटियरात ज्या धंद्याला एक ओळ मिळाली, त्या धंद्याचा माझ्या माहितीतला तो एकुलता एक पुरावा. सिडको 1970 साली आली, आसपासची पंचाण्णव गावे नव्या शहरात गेली, कुलाब्याचा 1981 साली रायगड झाला, आणि आता हे घरही पुनर्विकासात जायचे ठरले आहे. या सगळ्यातून जे एक चाक वाचले ते चष्म्यासाठी कापायचे? मी म्हटले, "मामा, हे वस्तुसंग्रहालयात द्यायचं. मी पत्र लिहितो."

"तिथे ते काय करतील त्याचं?"

"ठेवतील."

"ठेवलेलं आहेच की."

मला दुसरे काही सुचेना, तेव्हा मी रामचंद्रपंत अमात्यांना मध्ये घातले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या त्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचे एक प्रकरण आहे. साग वगैरे अरण्यातली झाडे परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात, आरमाराला उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये. रयतेला दुखवून केलेले काम टिकत नाही. मी मोठ्या आवेशाने हे सांगितले आणि शेवटी म्हणालो, आजोबांनी लेकरासारखे जपलेले हे लाकूड आहे.

मामा शांतपणे ऐकत होते. "एवढंच लिहिलंय?"

इतिहासाच्या मास्तराला खोटे बोलता येत नाही. पुढे असे लिहिले आहे, मी सांगितले, की एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे.

"मग झालं. धनी मी. मला राजी करायला कुणी नको. आणि मोल म्हणून तू चहा सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक आरा काढला. धाव नसल्याने तो चार हलक्या ठोक्यांत सुटला. त्या आवाजाने माझ्या पोटात कालवले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण करवत चालली आणि आतून जो तांबूस सोनेरी रंग निघाला, आणि पावशतक गुदमरलेला सागाचा वास ओट्यावर दरवळला, तेव्हा मी गप्प झालो. मामांनी दोन मिलीमीटरहूनही पातळ पट्ट्या काढल्या, रंध्याने सारख्या केल्या. मधला थर उभ्या रेषांचा, त्याच्या पुढचा-मागचा आडव्या रेषांचा, असे तीन थर सरसाने चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळले. परदेशात लाकडी चष्म्याचे कारखाने थर असेच आडवे-उभे रचतात, हे मी नंतर वाचले. मामांनी कुठेच वाचले नव्हते. दांड्या सरळ रेषेच्या, आऱ्याच्या उरलेल्या तुकड्यातून. कानसकाम आठ दिवस चालले. मधूनमधून ते हात थांबवून कडेचा पोत डोळ्यांजवळ नेऊन पाहत. कित्येक वर्षांनी त्यांना रेषा दिसत होत्या.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर, ऊन नसतानाही, त्यांनी तो चष्मा चढवला आणि ओट्यावर येऊन बसले. मामी म्हणाली, बरा दिसतो. भिंतीवर अकरा आऱ्यांचे चाक होते. उजाडले, समोरच्या इमारतीच्या काचा नेहमीप्रमाणे पेटल्या, आणि मामा त्यांच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर ठेवला. तो माझ्या कानशिलांत रुतला.

"तुझं डोकं रुंद आहे," मामा म्हणाले, आणि चाकाकडे वळून पाहिले. "दुसरा आरा लागेल."